कोणी न दाबलेलं पायडल

ब्रिताच्या तळघरात त्या संध्याकाळी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. जिन्याच्या वरच्या टोकाला बुटांचा ढीग पडला होता आणि अर्धं गाव पायातल्या मोज्यांवर, भिंतींना टेकून, श्वास रोखून एका शिलाई मशीनकडे बघत उभं होतं. मशीनपुढची खुर्ची रिकामी. खाली जमिनीवर मशीनला वायरीनं जोडलेलं विजेचं पायडल आणि त्यावर पांघरलेलं मेंढीचं पांढरंशुभ्र कातडं. मेणबत्त्या इतक्या, की नाताळात आमच्या चर्चमध्येही तेवढ्या लावत नाहीत.

"ब्रिता," स्तेइनार डोळे मिटून म्हणाला, "पाय ऊबदार झाले का? ये. घाई नाही. तू तिसऱ्या उंबरठ्यावर आहेस. मला दिसतेयस. तुझ्या त्या निळ्या जाकिटात."

"तपकिरी होतं," माझ्या शेजारी उभा असलेला म्हातारा ओद्वार पुटपुटला.

"तिकडे गेल्यावर रंग बदलतो," मागून कोणीतरी त्याला दटावलं.

"कंपनं येतायत," स्तेइनारनं हवेत बोटं नाचवली. "जांभळी कंपनं. ब्रिता, तुझी मुलगी इथे बसली आहे. तू तिच्यावर नाराज आहेस का?"

आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. स्तेइनार तोवर पहिला उंबरठा, दुसरा उंबरठा, आत्म्याची दमछाक असं काय काय सांगत राहिला. आणि मग कोणी हात लावला नाही, कोणी पाय ठेवला नाही, तरी मशीन गुरगुरलं, अडखळलं आणि खर्रर्र करत सुरू झालं. दोरा नसलेली सुई रिकाम्या पत्र्यावर वरखाली नाचायला लागली. बायका किंचाळल्या. सगळ्यांच्या पुढे बसलेल्या गुनवोरनं, म्हणजे ब्रिताच्या मुलीनं, दोन्ही हातांत तोंड लपवलं.

"हो म्हणाली," स्तेइनार हळूच म्हणाला आणि कातडं बाजूला करून पायडल उचलून त्यानं खिडकीच्या कडेला, मेणबत्तीशेजारी ठेवलं. "आता तिला विसावू दे." काही वेळानं मशीन थांबलं.

हा स्तेइनार पूर्वी फ्योर्डच्या, म्हणजे आमच्या खाडीच्या, पलीकडे छपरं दुरुस्त करायचा. एकदा छपरावरून पडला आणि तेव्हापासून त्याला मेलेली माणसं दिसायला लागली म्हणे. मला विचाराल तर डोक्याला मार लागलेल्या माणसाकडे डॉक्टरनं बघावं. पण मला कोण विचारतो? मी तोरुन, गावच्या शाळेत पोरांना शिवणकाम शिकवते; आमच्याकडे पोरंही बाईंना नावानंच हाक मारतात.

ब्रिता गेली ती हिवाळ्याच्या तोंडाला, झोपेत, हृदय बंद पडून. त्यानंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी तळघरातलं तिचं मशीन आपोआप चालू झालं. रोज जेवण झालं की ब्रिता खाली जाऊन शिवायला बसायची, नेमकी तीच वेळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बातमी गावभर झाली आणि तिच्या वासावर स्तेइनार आला. येताना मेंढीचं कातडं घेऊन आला आणि आल्या आल्या त्यानं एकच ताकीद दिली, मशीनचा प्लग कोणी काढायचा नाही, ती ब्रिताची नाळ आहे.

मग काय, रांग लागली. कोणाला आईला काही सांगायचं राहिलं होतं, कोणाला बायकोला. ओद्वारचं सख्ख्या भावाशी होडीच्या शेडवरून वाजलं होतं. भाऊ वारला तरी हा त्याच्या दफनाला गेला नाही. ब्रिता आता तिकडेच आहे, तर तिच्याकडून भावाचा निरोप मिळेल, असं स्तेइनारनं सांगितलं. "माफ केलं का त्यानं?" ओद्वारनं विचारलं आणि मशीन धडधडलं. तो म्हातारा लहान मुलासारखा रडला. आमच्या गावात घरटी एक तरी माफी मागायची राहून गेलेली आहे, आणि स्तेइनारचं दुकान त्यावरच चाललं होतं.

इथपर्यंत मी हसत होते. हसू गेलं ते बुनादचा विषय निघाल्यावर.

बुनाद म्हणजे आमच्याकडचा सणाचा पोशाख. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली, चर्चमध्ये तिची दीक्षा झाली, की त्या दिवशी तो पहिल्यांदा अंगावर चढतो आणि मग जन्मभर साथ देतो. ब्रिता तो नातीसाठी, गुनवोरच्या तीरिलसाठी शिवत होती. लाल चोळी झाली होती, छातीवरचं मण्यांचं काम झालं होतं, काळ्या घेरदार स्कर्टची खालची पट्टी अर्धी शिवून तशीच राहिली होती. दीक्षा मे महिन्यात होती. गुनवोरनं विचारलं, पुढचं मी शिवू का? स्तेइनारनं मान हलवली. पोशाखात ब्रिताचा हात अडकलाय म्हणाला, दुसऱ्या कोणी टाका घातला तर ती कधीच सुटणार नाही. बुनाद आणि त्यावर लावायचे ब्रिताच्या आईच्या वेळचे चांदीचे दागिने डोंगरातल्या तळ्यात सोडायचे, तेही त्याच्याच हातानं. मशीनला विचारलं. मशीन हो म्हणालं. गुनवोरही हो म्हणाली. रविवार ठरला.

सोमवारी वर्गात तीरिल पडद्याच्या कडेला हातानं टाके घालत बसली होती. समोर मशीन झाकलेलं.

"काय गं, मशीन रुसलंय का?"

"हातानं बरं येतं."

"एवढा पडदा हातानं? सुट्टी लागेपर्यंत बसशील."

ती खाली मान घालून म्हणाली, "तोरुन, पायडलवर पाय ठेवायला नको वाटतं. आपला पाय कोणाच्या तरी पायावर पडेल असं वाटतं."

मला इतका संताप आला की हातातली कात्री मी मेजावर आपटली. आजीच्या आठवणीनं पोरीनं रडावं, ते ठीक. पण आजीला घाबरावं? मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. तिचे पाय खुर्चीखाली एकमेकांना घासत होते. एकावर एक लोकरीचे दोन मोजे घातले होते.

"मशीन रोज चालतं?"

"रोज."

"आठव बरं. एकदाही चुकलं नाही?"

तिनं विचार केला. "वादळात वीज गेली होती ना, तेव्हा नाही चाललं."

"वीज नसेल तर कसं चालेल?"

"पण वीज आल्यावर पण नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आई खूप रडली. मग खाली जाऊन दाराजवळच्या त्या डबीत काहीतरी बटणं दाबून आली. मग परत सुरू झालं."

"कसली डबी?"

"माहीत नाही. मला हात लावू देत नाही."

मला माझे स्वतःचे पाय आठवले. तळघरात बाकीच्यांसारखी मीही मोज्यांवर उभी होते आणि माझे तळवे छान शेकत होते. लोकांना त्यात काही वाटलं नाही, कारण आमच्याकडे बहुतेकांच्या तळघरात जमिनीखाली ती तापवायच्या विजेच्या तारा असतात. पण ब्रिताची जमीन गार असायची! बायकांच्या शिवणाच्या बैठकीत ती दरवेळी हसत सांगायची, "मी बर्फावर बसून शिवते बायांनो. तारा आहेत, पण गुनवोर लावू देत नाही. म्हणते, वीज काय झाडाला लागते? दोन मोजे घाल."

मी गुनवोरकडे गेले. तिनं कॉफी ओतली, वाफल्सवर तपकिरी चीज ठेवलं, पण स्वतः काही खाल्लं नाही. गालफडं बसली होती तिची.

"गुनवोर, तळघराची जमीन कधीपासून तापवतेस?"

तिनं कप बाजूला सारला. "कॉफी पी आणि जा, तोरुन."

"अगं, पायडल जुनं आहे. खालून गरम झालं तर..."

"ती येते," गुनवोर म्हणाली. "रागावून का होईना, रोज येते. जिवंत होती तेव्हा मी तिच्याजवळ दहा मिनिटं बसले नाही. आता ती येते आणि मी तिथे बसते. हे माझ्याकडून काढून घेऊ नकोस."

मी उठले. रस्त्यानं येताना मला फार वाईट वाटत होतं. माझ्या खऱ्याखोट्याची हौस भागवायला मी एका पोरक्या बाईकडून तिची आई हिसकावून घ्यायला निघाले होते का? राहू दे तिला तिचं मशीन, असंही एकदा मनात आलं. पण दार ओढून घेताना तळघरातून एक वास आला होता. मेणबत्त्यांचा नव्हे. तो वास मी वर्गात दोनदा घेतलाय. आत साठलेल्या कापडाच्या धाग्यांना चटका बसला की पायडलमधून तसा वास येतो. त्या पायडलवर तो गाढव रोज मेंढीचं कातडं पांघरत होता, आणि वरच्या मजल्यावर तीरिल झोपत होती. म्हणजे गप्प बसायची सोय मला नव्हतीच.

रविवारी पुन्हा तोच गर्दीचा देखावा. खुर्चीवर लाल चोळी, काळा स्कर्ट घडी करून ठेवलेला, वर चांदी. स्तेइनारनं दागिन्यांसाठी पेटी आणली होती. आतून मखमल लावलेली, एकेका ब्रोचसाठी वेगळा खण. तळ्याच्या तळाला मखमल कशाला लागते, हे मला कळेना.

त्यानं कातडं हातात घेतलं तशी मी पुढे झाले. "थांब स्तेइनार. मलाही ब्रिताला काही विचारायचंय. जुनी मैत्रीण आहे माझी."

"विचार. तिचं दार सगळ्यांना उघडं आहे."

मी पिशवीतून शाळेचं पायडल काढलं, अगदी तसंच, त्याच बनावटीचं. ब्रिताचं सोडवून ते जोडलं. "हं. आता बोलाव."

स्तेइनारनं बोलावलं. आर्जवं केली, कंपनं हिरवी झाली, सोनेरी झाली. मशीन ढिम्म.

"हे परकं पायडल आहे," तो म्हणाला. "तिच्या पायांना ओळख लागत नाही."

"बरोबर आहे. तिचंच घे." मी ब्रिताचं पायडल परत जोडलं, पण जमिनीवर ठेवलं नाही. आमचं आधी ठरलं होतं तसा तीरिलनं वरून पाव कापायचा जाड लाकडी पाट आणला, तो खाली घातला. कातडं मी घडी करून बगलेत धरलं.

मशीन ढिम्म. ओद्वारनं दोन वाफल्स संपवले, तरी ढिम्म.

"खोलीत शंकेखोर माणूस असला की दार बंद होतं!" स्तेइनार ओरडला.

"मग मी जाते की बाहेर." मी जिना चढून वर गेले, स्वयंपाकघरात एक शेकायची धान्याची उशी मायक्रोवेव्हमध्ये तापवली आणि ती घेऊन खाली आले. "काय म्हणाली?"

"हूं नाही की चूं नाही," ओद्वार म्हणाला.

मी गरम उशी पाटावर ठेवली, तिच्यावर पायडल, वरून स्तेइनारचंच कातडं. "आता तीरिल विचारेल."

पोरगी मशीनपुढे येऊन उभी राहिली. "आजी, स्तेइनार तुझी चांदी तळ्यात टाकणार नसेल, विकून खाणार असेल, तर मशीन चालव."

"हा काय पोरखेळ..." स्तेइनार सुरू झाला. आम्ही थांबलो. आणि मशीन गुरगुरलं, अडखळलं, खर्रर्र सुरू झालं.

"आली!" स्तेइनारच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "बघा, आली ना!"

"आली ना?" मी म्हटलं. "मग ती काय म्हणाली तेही ऐकलंस ना?"

आधी कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं तळघर हसलं. स्तेइनार पुरता अडकला. मशीन खोटं बोलतं म्हणावं तर धंदा बुडाला, खरं बोलतं म्हणावं तर तो चोर ठरला.

मी भिंतीतला प्लग खेचला, ब्रिताची नाळ असलेला तो. मशीन थांबलं. मग पायडल उलटं करून त्याचे स्क्रू काढले आणि मशीनच्या दिव्याऐवजी एका मेणबत्तीच्या उजेडात सगळ्यांना आतलं दाखवलं. स्तेइनारच्या मेणबत्त्यांचा तेवढाच उपयोग झाला.

"या दोन पट्ट्या बघा. एकमेकींना टेकल्या की मशीनला वीज मिळते. पाय दाबला की टेकायच्या, उचलला की खालच्या स्प्रिंगनं दूर व्हायच्या. ब्रितानं हे जन्मभर दाबलं, स्प्रिंग दमली. खाली धाग्यांचा हा नमदा साठलाय, त्यानं फट आणखी कमी झाली. आणि हा प्लॅस्टिकचा तळ. गरम झाला की मधोमध वर फुगतो, पट्ट्या आपोआप टेकतात. गार झाला की सपाट होतो, मशीन थांबतं. म्हणून आधी कातडं आणि शेवटी गार खिडकी. हे काळं दिसतंय ना, ते धागे करपलेत. अजून थोडे दिवस हे चाललं असतं, तर इथे बंब आला असता."

"मला तारांमधलं काय कळतं?" स्तेइनार आता साध्या माणसासारखा बोलायला लागला. "पहिल्या दिवशी मी उचलून बघितलं तर थांबलं. कातडं टाकलं तर चाललं. एवढंच मला माहीत. लोक रडतात, मोकळे होतात. कोणाचं वाईट केलं मी?"

"माझ्या भावानं मला माफ केलं म्हणालास," ओद्वार हळूच म्हणाला. "म्हणजे नाही केलं."

त्याच्याकडे बघायचं धैर्य मला झालं नाही. खोटी माफी का असेना, ती त्याच्याकडे होती आणि ती मी आत्ता सर्वांसमक्ष काढून घेतली होती. मला अपराधी वाटलं, आजही वाटतं. पण ती परत देता येण्यासारखी नव्हती.

स्तेइनारनं पेटी बंद केली. जाता जाता त्यानं शेवटचा डाव टाकला. "ठीक आहे. पण कातडं मी नंतर आणलं. त्याआधी मशीन रोज तिच्याच वेळेला कसं चालायचं? ते कोण करत होतं, सांग ना मास्तरीण!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उत्तर मला माहीत होतं. ते सांगितलं असतं तर मी जिंकले असते. पण ते उत्तर माझं नव्हतं. मी हातातल्या स्क्रूकडे बघत राहिले.

"मी," गुनवोर म्हणाली.

ती उठून उभी राहिली होती. "मी करत होते. आई गेली त्यानंतर मी जमिनीखालच्या तारा चालू केल्या. दाराजवळच्या डबीतला टायमर लावला, ती जेवून खाली यायची त्या वेळेचा. दर हिवाळ्यात ती म्हणायची, पाय गारठतात गं. मी म्हणायचे, दोन मोजे घाल. गेल्यावर वाटलं, निदान आता तरी तिची खोली..." ती माझ्याकडे वळली. "म्हणजे ती आलीच नव्हती."

"नव्हती, गुनवोर."

"रागावलीही नव्हती?"

"हसत सांगायची ती आम्हाला. तुझी नक्कल करून."

गुनवोर हसली आणि त्याच हसण्यात रडायला लागली. "मग मी माफी कोणाची मागू आता?"

याचं उत्तर तीरिलनं दिलं, आणि ते उत्तर आहे हे तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. ती जमिनीवर बसली होती, दोन्ही तळवे त्या ऊबदार फरशीला टेकवून.

"आई," ती म्हणाली, "माझी वरची खोली अजून गारच आहे."

गुनवोरनं लेकीच्या पायांकडे पाहिलं. दोन-दोन मोजे घातलेल्या त्या पायांकडे तिनं हिवाळाभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. मेणबत्त्या कोणी विझवल्या, लोक कधी बूट घालून गेले, स्तेइनार कुठल्या वाटेनं सटकला, याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती पोरीला घेऊन वर गेली. थोड्या वेळानं वरच्या खोलीतला हीटर टकटक करत तापायला लागल्याचा आवाज खाली आला.

पायडल मी शाळेत नेलं. ब्रशनं आतला नमदा काढला, करपलेलं खरवडलं, स्प्रिंग नवी घातली, पट्ट्यांमधली फट पुन्हा नीट केली, तळाला लाकडाची फळी ठोकली. एका दुपारचं काम. स्कर्टची उरलेली पट्टी गुनवोरनं शिवली, शेजारी तीरिल बसली होती. जिथे आजीचे टाके संपतात आणि आईचे सुरू होतात तिथे शिवण थोडी वाकडी गेली आहे. उसवून देते म्हटलं, तर तीरिल नको म्हणाली. मे महिन्यात चर्चच्या पायऱ्यांवर तिनं स्कर्टचा घेर पसरून मला ती जागा दाखवली. ओद्वारही आला होता. त्याआधीच्या आठवड्यात तो बोटीनं पलीकडे जाऊन भावजयीला भेटून आला. तिनं त्याला आधी दारातच चांगलं झापलं आणि मग कॉफी दिली, असं तो ज्याला त्याला सांगत होता.

मेलेली माणसं परत येत नाहीत. हे सांगताना मला आनंद होत नाही, माझीही माणसं गेलेली आहेत. पण त्यांना जे द्यायचं राहिलं ते त्यांच्या नावानं बंद खोलीत जाळून कोणालाच पोचत नाही. मधल्या मध्ये एखादा स्तेइनार मखमलीची पेटी घेऊन उभा राहतो. द्यायचंच असेल तर घरात जे कुडकुडतंय त्याला द्या. आणि तुमच्या घरातलं मशीन कधी आपोआप चालायला लागलं, तर आधी भिंतीतला प्लग काढा. रडायचं असेल तर नंतर रडा.